मेसचा डबा, टेकडी आणि जोर-बैठका : पहिल्यांदाच वजन उतरवायला निघालेल्या तरुणासाठी

घर सोडून पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेल्या मुलाचं वजन कसं वाढतं हे वेगळं सांगायला नको. दिवसभर खुर्ची, दोन वेळा मेस किंवा डबा, मधे टपरीवरचे चहा, रात्री उशिरा काहीतरी मागवून खाणं आणि झोपायला एक-दीड वाजणं. तीन-चार वर्षांत पँटचा नंबर ३२ वरून ३८ वर जातो. मी स्वतः ९४ किलोपर्यंत पोचलो होतो. आता ७६ च्या आसपास आहे आणि बराच काळ तिथेच टिकून आहे. तेव्हापासून ऑफिसातली, गावाकडची, रूमवरची पोरं विचारत असतात की नेमकं काय केलंस. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. पोळी-भाजी, वरण-भात, उसळ, भाकरी सोडून ओट्स आणि ब्रोकोलीच्या मागे लागायची गरज नाही. बदलायचं ते ताटातलं प्रमाण. जे पाच वर्षांनीही करता येईल असं वाटतं तेवढंच हाती घ्या. दुसरं म्हणजे, आपल्याला उतरवायची आहे ती चरबी. काट्यावरचा आकडा पाणी गेल्यानेही उतरतो आणि स्नायू झिजल्यानेही उतरतो. त्या दोन्हींत तुमचा काही फायदा नाही.

पहिली पायरी : मोजपट्टी, वजनकाटा आणि एकदा डॉक्टर

शिंप्याकडे असते तशी साधी मोजपट्टी घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पँटच्या नंबरावर जाऊ नका. बहुतेक मुलं पँट पोटाखाली घालतात, त्यामुळे नंबर ३६ आणि प्रत्यक्ष घेर ४१ इंच असं सर्रास दिसतं. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही धोक्याची रेषा धरतात. बीएमआयचंही (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) तसंच आहे. इतरत्र २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा मानतात. आपल्यासाठी हेच आकडे २३ आणि २५ आहेत, कारण त्याच वजनाला आपल्याकडे स्नायू कमी आणि पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेली चरबी जास्त असते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही ठेवण आपल्या घराघरांत दिसते. मधुमेह आपल्याला लवकर गाठतो त्यामागे हे मोठं कारण आहे.

तपासण्या एकदा करून घ्या. रक्तदाब, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, यकृताच्या तपासण्या, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि बी१२ व डी जीवनसत्त्व. शाकाहारी मुलांमध्ये बी१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि मग 'व्यायामाला अंगात त्राणच नाही' असं वाटत राहतं. रात्री खूप घोरत असाल, मधेच श्वास अडकून जाग येत असेल, दिवसा मीटिंगमध्ये डोळे मिटत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडखळण्याचा हा विकार जड वजनात वारंवार आढळतो आणि तो लक्षात आला नाही तर पुढचं सगळं अवघड जातं. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण वजन उतरू लागलं की औषधाची मात्राही बदलावी लागते.

दुसरी पायरी : एक आठवडा काहीही न बदलता लिहून काढा

मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल. चहा, बिस्किट, सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक, भेळेतले दोन घास, सगळं लिहायचं. हा आठवडा कंटाळवाणा असतो, पण तो गाळू नका. बहुतेकांना वाटतं की आपलं जेवण जास्त आहे. लिहिल्यावर दिसतं की जेवण ठीकच आहे, गडबड जेवणाच्या मधल्या तासांत आहे.

चहाचंच उदाहरण घ्या. दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी, दुधाच्या आणखी तेवढ्याच. एक चहा ८० कॅलरींचा. ऑफिसात दिवसाला पाच झाले तर ४००, म्हणजे तीन पोळ्यांपेक्षा जास्त, आणि पोट मात्र रिकामंच. बरोबर खारी किंवा क्रीमरोल असेल तर हिशोब वेगळाच होतो. चहा सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. पाचाचे दोन करा आणि साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणा. जिभेला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यानंतर टपरीवरचा नेहमीचा चहाच गोडमिट्ट लागायला लागतो.

तिसरी पायरी : आपला आकडा काढा

गणित सोपं आहे. पुरुषांसाठी मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात : वजन किलोमध्ये गुणिले १०, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. समजा २६ वर्षांचा मुलगा, उंची १७२ सेंटीमीटर, वजन ९२ किलो. ९२० अधिक १०७५ वजा १३० अधिक ५, म्हणजे १८७० कॅलरी. दिवसभर नुसतं पडून राहिला तरी शरीर एवढं खर्च करतं. बैठं काम आणि थोडी हालचाल धरून याला १.३ ने गुणा, साधारण २४०० येतात. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहील.

यातून ५०० वजा करा. आठवड्याला ३५०० कॅलरींची तूट झाली. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर वजन उतरेल. १८ किलो उतरवायचे असतील तर मधले सणवार, आजारपण, थांबलेले आठवडे धरून वर्षभर लागतं. हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो, पण वजन वाढायलाही चार वर्षं लागलेली असतात.

'एका महिन्यात दहा किलो' वाल्या जाहिरातींपासून लांब राहा. इतक्या वेगात स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळायला लागतात. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतरवू नका. पहिले पंधरा दिवस याला अपवाद आहेत. शरीरात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवतो, खाणं कमी झाल्यावर तो वापरला जातो आणि ते पाणी निघून जातं. तेव्हा उतरलेल्या दोन-अडीच किलोंवर फार खूश होऊ नका आणि नंतर वेग मंदावला तर घाबरू नका.

चौथी पायरी : ताट

सर्वात जास्त वेळ इथेच द्या. वजन उतरण्याचा बहुतेक भाग ताटात ठरतो.

मेसच्या ताटात काय असतं? चार पोळ्या, बटाट्याची किंवा फ्लॉवरची तेलकट भाजी, भात, पातळ वरण, लोणचं, पापड. पोट भरतं, पण प्रोटीन जेमतेम २० ग्रॅम. दोन तासांत पुन्हा भूक लागते. वजन उतरवताना प्रोटीन दोन कामं करतं : भूक धरून ठेवतं आणि तूट असतानाही स्नायू टिकवायला मदत करतं. नेहमीच्या माणसाला शरीराच्या किलोमागे पाऊण-एक ग्रॅम पुरतं. तूट ठेवून व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅम धरावं. वजन खूप जास्त असेल तर आजच्या वजनावर हिशोब करू नका, जिथे पोचायचं आहे त्या वजनावर करा. वरच्या मुलाचं उद्दिष्ट ७२ किलो असेल तर त्याला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम लागतील.

एवढं प्रोटीन आपल्या जेवणातून आणायचं कसं? एका अंड्यात ६ ग्रॅम. कच्चं चिकन ब्रेस्ट १५० ग्रॅम घेतलं तर ३३ च्या आसपास. बांगड्यात १०० ग्रॅमला १९-२०, आणि कोकणातल्या मुलाला हे सांगायची गरज पडू नये. पनीर १०० ग्रॅमला १८-२०, पण त्याबरोबर चरबीही तेवढीच येते, म्हणून पनीर रोज भरमसाठ नको. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ५० ग्रॅम घेतल्या की २५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, आणि पैशाला पैसा म्हणाल तर याहून स्वस्त काही नाही. मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ वाटीला ७-८ ग्रॅम. पिठलं ५० ग्रॅम बेसनाचं केलं तर ११ ग्रॅम. मेसच्या पातळ वरणात मात्र वाटीभर पिऊनही ४-५ ग्रॅमच मिळतात, त्यावर भिस्त ठेवू नका. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर, १०० ग्रॅमला २५, पण कॅलरी ५६० च्या वर. शेंगदाणे तोंडी लावायला घ्यायचे, प्रोटीनसाठी नव्हे.

मेसवाल्या काकूंशी बोला. एक भात आणि दोन पोळ्या कमी करून त्याऐवजी उसळ दुप्पट देता का, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. नाही म्हणाले तर रूमवर एक इंडक्शन आणि छोटा कुकर पुरतो. अंडी उकडणं, कडधान्य भिजवून मोड आणणं, सोयाबीनच्या वड्या परतणं, यापलीकडे स्वयंपाक यावा लागत नाही.

साधारण १९०० कॅलरींचा दिवस असा दिसेल. सकाळी तीन उकडलेली अंडी, एक पोळी आणि कमी साखरेचा चहा. दुपारी डब्यात दोन पोळ्या, भाजी, दीड वाटी उसळ, काकडी-टोमॅटोची दह्यातली कोशिंबीर. पाचच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि ग्लासभर ताक. मधे कधीतरी एक पेरू किंवा संत्रं. रात्री एक ज्वारीची भाकरी आणि दोन चमचे तेलातला चिकन रस्सा. यात प्रोटीन १०० ग्रॅमच्या आसपास येतं. शाकाहारी असाल तर अंड्यांच्या जागी पनीर किंवा मुगाचं धिरडं, चिकनच्या जागी सोयाबीनच्या वड्या. भात आवडतो तर भाकरीच्या जागी एक वाटी भात घ्या, काही बिघडत नाही. रात्री भात खाल्ल्याने पोट सुटतं हे खरं नाही. दिवसभराची बेरीज चुकली की पोट सुटतं.

आता तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि परतलेल्या भाजीत ते दिसतही नाही. दिवसाला माणशी २५ ग्रॅमच्या आसपास तेल-तूप पुरेसं आहे. घरी किंवा रूमवर शिजवत असाल तर रोज चमचे मोजत बसू नका. चौघांत महिन्याला तीन लिटर तेल आणायचं आणि त्यातच भागवायचं. दुसरा महिना सुरू होईपर्यंत हात आपोआप आखडतो. बाहेर खाताना मात्र तेलावर आपला ताबा नसतो. मिसळीचंच बघा : फरसाण, वरची तर्री आणि दोन पाव मिळून ६०० कॅलरी सहज होतात. वडापाव ३०० च्या आसपास. आठवड्यातून एकदा मिसळ खायची असेल तर मनापासून खा, ती त्या दिवसाचं मुख्य जेवण धरा आणि उरलेल्या दिवसात उसळ-कोशिंबीर-ताक ठेवा.

उपवासाबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण इथे फार जण फसतात. साबुदाणा ६० ग्रॅम, दाण्याचं कूट २५ ग्रॅम, बटाटा आणि मोठा चमचाभर तूप, अशी एक प्लेट खिचडी ४५० ते ५०० कॅलरींची होते आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं. उपवास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. वरईचे तांदूळ, राजगिरा, दूध, दही, ताक, रताळं, फळं यांवर भर द्या आणि खिचडी वाटीभरच घ्या.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेल्या दोन वेळा जेवणाच्या पद्धतीबद्दल हमखास विचारणा होते : कडक भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि ४५ मिनिटं चालायचं. यात तरुण मुलाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मधलं चरणं बंद होतं. दोन बैठकांत तुमचं प्रोटीन पूर्ण होत असेल आणि दुसऱ्या जेवणावर तुम्ही तुटून पडत नसाल तर ही पद्धत छान चालेल. होत नसेल तर तीन वेळा जेवा. साखरेची औषधं घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं कमी करू नयेत.

पाचवी पायरी : चालणं, आणि मग टेकडी

९० किलोच्या वर असाल तर पहिल्याच दिवशी पळायला जाऊ नका. प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आणि नडगीवर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो आणि तिसऱ्या आठवड्यात दुखणं घेऊन घरी बसावं लागतं. चाला. आज मोबाइल ३००० पावलं दाखवत असेल तर पुढच्या आठवड्यात ४५००, मग ६०००, आणि दीड-दोन महिन्यांत ८०००. ९० किलोचा माणूस एक किलोमीटर चालला की ६० कॅलरींच्या आसपास खर्च करतो. हे फार नाही, पण रोज पाच किलोमीटर झाले की महिन्याला त्यातून एक किलोच्या वर चरबीचा हिशोब बसतो. रोज हे महत्त्वाचं. रविवारी एकदम पंधरा किलोमीटर चालून आठवडा बसून काढला तर ती बेरीज होत नाही.

पुण्यात असाल तर तुम्ही नशीबवान. तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वतीच्या १०३ पायऱ्या, सगळं फुकट. नाशिककरांना पांडवलेणी, कोल्हापूरकरांना रंकाळा, नागपूरकरांना फुटाळा आणि अंबाझरी, संभाजीनगरात गोगाबाबा टेकडी, बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यान. सकाळी तिथे दिसणारे सत्तरीचे आजोबा तुमच्या पुढे निघून जातील, जाऊ द्या. चढताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो अशा चालण्यातच पूर्ण होतो.

सिंहगडाबद्दल एक गोष्ट ठरवून ठेवा. आतकरवाडीतून वर जाताना साधारण ६०० मीटरचा चढ आहे, ९० किलोच्या माणसाच्या त्यात ५००-६०० कॅलरी जातात. वर पोचल्यावर कांदाभजीची प्लेट, पिठलं-भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि मडक्यातलं दही असं सगळं घेतलं तर गेल्याच्या दुप्पट परत येतात. गडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊ नये असं मी म्हणूच शकत नाही. भाकरी, पिठलं, दही घ्या, भजी सोडा.

सहावी पायरी : ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून तीनदा

ही पायरी गाळणारे फार आहेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. नुसत्या कमी खाण्याने आणि चालण्याने उतरलेल्या वजनात चांगला वाटा स्नायूंचा असतो. मग वजन ७५ येतं, पण पोट तसंच राहतं, खांदे उतरतात आणि चेहरा ओढलेला दिसतो. शरीराला स्नायूंची गरज आहे हे दाखवलं तरच ते स्नायू राखतं, आणि ती गरज वजन उचलण्याने दिसते.

आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे. कोल्हापूर-पुण्याच्या तालमींत जोर आणि बैठका यांवर पिढ्या घडल्या, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत पोचवले. जोर, बैठका आणि नमस्कार हे आजही उत्तम आहेत, पण नवख्या, जड माणसाने ते जसेच्या तसे घेऊ नयेत. पूर्ण जोर मारताना खांद्यावर आणि मनगटावर जो भार येतो तो आधी कमवावा लागतो. शिवाय जोर-बैठकांत ढकलणं आणि उठणं-बसणं येतं, ओढणं येत नाही. जुन्या तालमींत ती बाजू मल्लखांब आणि दोर सांभाळत. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकलेल्या पाठीला ओढण्याच्या व्यायामाची सर्वात जास्त गरज आहे.

घरी सुरुवात करायची तर पाच गोष्टी पुरे. खुर्चीवर हळू बसून उठणं, मग खुर्ची काढून अर्धी बैठक, मग पूर्ण. भिंतीला हात टेकून जोर, मग टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. पाठीच्या सॅकमध्ये पुस्तकं किंवा पाण्याच्या बाटल्या भरून, कंबरेतून वाकून, ती पोटाकडे ओढणं. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. आणि प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाची बोटं टेकून शरीर फळीसारखं सरळ धरून ठेवणं. प्लँक सोडून प्रत्येकाचे ८ ते १२ चे दोन-तीन सेट (फेऱ्या), मधे दीड मिनिट विश्रांती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अर्धा-पाऊण तास.

नियम एकच : मागच्या आठवड्यापेक्षा काहीतरी थोडं जास्त. एक आकडा जास्त, सॅकमध्ये अर्धा किलो जास्त, किंवा तोच आकडा जास्त सावकाश. वहीत लिहून ठेवा. तेच दहा जोर वर्षभर मारत राहिलात तर शरीराला बदलायचं काही कारण उरत नाही.

जिम परवडत असेल तर दोन महिन्यांनी जा. तिथे स्क्वॉट, डंबेल प्रेस, लॅट पुलडाउन, रोइंग, रोमानियन डेडलिफ्ट, खांद्यांचा प्रेस, एवढंच शिका. पहिल्या दिवशी ट्रेडमिलवर तासभर उभं करून सोडणारा ट्रेनर असेल तर त्याला नम्रपणे सांगा की मला हे सहा व्यायाम नीट शिकवा. वाकून वजन उचलताना पाठ गोल होत असेल तर वजन कमी करा. स्नायू दुखणं दोन-तीन दिवस चालतं, ते चालू द्या. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम थांबवा. छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, न झेपणारी धाप यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

झोपेबद्दल थोडक्यात : सात तास. कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं, हे तुम्ही स्वतःवर तपासून बघा. रात्रपाळी असेल तर खोलीला जाड पडदे लावा आणि पाळी संपल्यावरचं जेवण हलकं ठेवा.

सातवी पायरी : काटा वाचायला शिका

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी करा. रोज करा किंवा आठवड्यातून तीनदा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. काल हॉटेलात खाऊन आलात तर मिठामुळे आज एक-दीड किलो पाणी जास्त दिसेल. नवीन व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंना सूज येऊन तेही पाणी धरतात. एका रात्रीत एक किलो चरबी चढवायची तर ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील, तेवढं तुम्ही खाल्लेलं नसतं.

सरासरी तीन-चार आठवडे हललीच नाही तर आधी कंबर मोजा. कंबर कमी होत असेल तर काहीही बदलू नका, काम चालू आहे. कंबरही थांबली असेल तर पुन्हा एक आठवडा सगळं लिहा. बहुतेक वेळा मोजमाप सैल झालेलं असतं : तेल वाढलेलं, फुटाण्यांची मूठ मोठी झालेली, शनिवार-रविवारची बेरीज आठवड्याची तूट खाऊन बसलेली. तिथेही काही सापडलं नाही तर नवीन वजनावर सूत्र पुन्हा मांडा. ९२ किलोच्या शरीरापेक्षा ८२ किलोचं शरीर कमी खर्च करतं, त्यामुळे जुना आकडा आता पुरेशी तूट देत नाही. १०० ते १५० कॅलरी कमी करा किंवा पावलं हजार-दोन हजारांनी वाढवा. दोन्ही एकदम नको.

घरचे, सण आणि लग्नसराई

आठ-दहा किलो उतरले की गावाकडे गेल्यावर आई म्हणणार, 'किती वाळलास रे, तिकडे खायला मिळत नाही का?' आजी पानात आणखी एक पुरणपोळी टाकणार आणि वर तुपाची धार. त्यांच्याशी कॅलरींवर वाद घालू नका. आईला आधीच फोन करून सांगा की या वेळी तुझ्या हातची मटकीची उसळ, अंड्याचा रस्सा, मेथीचं पिठलं खायचं आहे. तिला काहीतरी मनापासून करून वाढता येतं आणि तुमचंही काम होतं. पुरणपोळीच्या दिवशी एक-दोन पोळ्या कटाच्या आमटीबरोबर समाधानाने खा, भात वगळा.

गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ, हे पंधरा दिवस तूट ठेवण्याचा हट्ट सोडा. तेव्हा वजन आहे तिथे राखायचं, एवढंच ठरवा. फराळ जेवणानंतर ताटलीत मोजून घ्या, डबा मांडीवर घेऊन नव्हे. लग्नाच्या पंगतीत आधी उसळ-कोशिंबीर-मठ्ठा, मग आवडेल तो एकच गोड पदार्थ. मित्रांबरोबर 'बसायचं' असेल तर लक्षात असू द्या की दारूतल्या अल्कोहोलच्या ग्रॅममागे ७ कॅलरी असतात आणि खरा घात बरोबरच्या चकण्यात होतो.

पावडरी, गोळ्या आणि इंजेक्शनं

व्हे प्रोटीन म्हणजे दुधातलंच प्रोटीन. जेवणातून भागत नसेल तर एक स्कूप घ्या, २४ ग्रॅमच्या आसपास मिळतात. डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) परवाना क्रमांक आणि सील बघून, खात्रीच्या दुकानातून घ्या. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम ताकदीसाठी उपयोगी आहे, पण सुरुवातीला आवश्यक नाही, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. फॅट बर्नर, पोटावर बांधायचे पट्टे, घामाचे सूट यांवर एक रुपयाही घालवू नका. जिममध्ये कुणी 'कटिंगसाठी', म्हणजे चरबी झटपट उतरवायला, गोळ्या किंवा इंजेक्शन देऊ केलं तर ती जिम सोडा. स्टेरॉइडमुळे विशीतल्या मुलांच्या हृदयावर, यकृतावर आणि प्रजननक्षमतेवर परिणाम होतात.

सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शनं वेगळी. मौंजारो (तिर्झेपाटाइड) आणि वेगोवी (सेमाग्लुटाइड) २०२५ मध्ये भारतात आली, आणि जास्त लठ्ठपणा किंवा मधुमेह असलेल्यांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, मित्राच्या सांगण्यावरून नाही. आणि ती घेतली तरी प्रोटीन व ताकदीचा व्यायाम सुटत नाही, कारण त्यातही स्नायू झिजतात.

ठरवलेल्या वजनाला पोचल्यावर

इथे लगेच जुन्या ताटावर परत जाऊ नका. दर आठवड्याला रोजच्या १०० कॅलरी वाढवा, म्हणजे एक पोळी किंवा थोडा भात, आणि सरासरी जिथे स्थिर होईल तिथे थांबा. बहुतेकांना जुन्या खाण्यापेक्षा २००-३०० कॅलरी कमीच लागतात. चालणं आणि आठवड्याचे तीन दिवस तसेच ठेवा. वजन महिन्यातून दोनदा, कंबर महिन्यातून एकदा. कंबर दोन सेंटीमीटरने वाढलेली दिसली तर आठ किलो वाढायची वाट न बघता त्याच आठवड्यात वही काढा आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा लिहायला लागा.